प्रकल्प नोंदी: व्हीआर विटी-दांडू, पीसीपासून प्लेस्टेशनच्या दारापर्यंत

जागा: नारायण पेठ, पुणे. खोली १० बाय १४ फूट. टेबल आणि कपाट वगळून मोकळी जागा २.२ बाय २.६ मीटर.
इंजिन: गोडो ४.४.१ (खेळ बनवायचे सॉफ्टवेअर), ओपनएक्सआर (व्हीआर म्हणजे आभासी वास्तवाच्या हेडसेटांसाठीचे सामाईक मानक).
हवे असलेले बिल्ड (खेळाच्या चालवता येणाऱ्या आवृत्त्या): विंडोज पीसी (सोनीचा पीएसव्हीआर२ हेडसेट, अडॅप्टरवरून), क्वेस्ट ३ (मेटाचा, हेडसेटवरच चालणारा), लिनक्स, आणि जमल्यास प्लेस्टेशन ५.

७ जून २०२५, शनिवार

पीएसव्हीआर२ पीसीला जोडला. सोनीचा अडॅप्टर ऑगस्ट २०२४ पासून मिळतो. खोक्यात अडॅप्टर आणि त्याचा पॉवर सप्लाय असतो, डिस्प्लेपोर्ट केबल नसते. ती १.४ दर्जाची हवी आणि ग्राफिक्स कार्डालाच लागली पाहिजे. मदरबोर्डवरच्या डिस्प्लेपोर्टला लावून अर्धा तास वाया घालवणारे पुष्कळ आहेत.

तपकीर गल्लीतून आणलेल्या केबलवर १.४ छापलेले होते. हेडसेटला पॉवर मिळाली, सोनीच्या ॲपला तो दिसला, चित्र मात्र काळे. दोनदा चित्र आले आणि मान वळवताच गेले. तीच केबल मॉनिटरला लावली तर बिनतक्रार चालते, म्हणून संशय आधी ड्रायव्हरवर गेला. पण साध्या मॉनिटरला डेटाचा वेग कमी लागतो. इथे प्रत्येक डोळ्याला २००० बाय २०४० पिक्सेल, तेही सेकंदाला ९० किंवा १२० वेळा, म्हणजे दुवा सेकंदाला ३२.४ गिगाबिटच्या पूर्ण वेगाने चालावा लागतो. केबल तीन मीटरची होती. दीड मीटरची, वेसा (डिस्प्लेपोर्टचे मानक ठरवणारी संस्था) प्रमाणित लावली आणि प्रश्न मिटला. हेडसेटची स्वतःची वायर साडेचार मीटरची आहे, त्यामुळे डिस्प्लेपोर्ट केबल लांब घेण्यात काही हशील नाही.

८ जून

कंट्रोलर. अडॅप्टरमध्ये ब्लूटूथ नाही, ते पीसीचे वापरायचे. जोडणी: डाव्याला पीएस बटण आणि क्रिएट, उजव्याला पीएस आणि ऑप्शन्स, दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचे, मग विंडोजच्या ब्लूटूथ यादीतून घ्यायचे. प्लेस्टेशनवर परत न्यायचे असतील तर यूएसबी केबलने कन्सोलला लावून एकदा पीएस बटण दाबायचे. एकाच खोलीत दोन्ही यंत्रे असतील तर हे रोजचेच.

खेळातला उजवा हात दर तीन-चार सेकंदांनी थरथरत होता, मध्येच एखाद्या फुटाने उडत होता. ब्लूटूथ डोंगल कॅबिनेटच्या मागे, यूएसबी ३ च्या पोर्टांच्या गर्दीत. यूएसबी ३ चा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पडतो, त्यात पत्र्याचे कॅबिनेट आडवे. डोंगल एक मीटरच्या यूएसबी २ एक्स्टेन्शनवर घेऊन टेबलाच्या कडेला डबल टेपने चिकटवला, म्हणजे हात आणि डोंगल यांच्यामध्ये काही येत नाही. पीसीचे वाय-फायही ५ गिगाहर्ट्झवर नेले. थरथर गेली.

अडॅप्टरचा पॉवर सप्लाय भिंतीत आणि पीसी यूपीएसवर, असे करू नये. दुपारी क्षणभर लाइट गेली, पीसी चालूच राहिला पण हेडसेट मेला, आणि स्टीमव्हीआर (पीसीवर हेडसेट चालवणारे सॉफ्टवेअर) पुन्हा सुरू करावे लागले. दोन्ही एकाच यूपीएस बोर्डावर घेतले.

१४ जून

पीसीवर काय मिळते आणि काय नाही, याची तपासणी. मिळते: पूर्ण रिझोल्यूशन, ११० अंशांचे दृश्यक्षेत्र, बोटांचा स्पर्श ओळखणे, बाहेरचे कृष्णधवल दृश्य. मिळत नाही: एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला), नजरेचा माग, हेडसेटमधले कंपन, ट्रिगरचा बदलता ताण. कंट्रोलरच्या बारीक हॅप्टिक्सऐवजी (हाताला जाणवणाऱ्या नेमक्या कंपनांऐवजी) साधी थरथर.

नजर टिपणारे कॅमेरे हेडसेटमध्ये आहेत. अडॅप्टर लावल्याने ते काही कुठे जात नाहीत. सोनीचा पीसी ड्रायव्हर त्यांची माहिती पुढे देत नाही, एवढेच. ‘ओपन की क्लोज्ड’ हा वाद लोक हेडसेटच्या नावाने घालतात, पण कुलूप हेडसेटला नसते. ड्रायव्हर, रनटाइम (खेळ आणि हेडसेट यांना जोडणारा प्रोग्रॅम), दुकान आणि खाते असे चार दरवाजे आहेत आणि प्रत्येकाची किल्ली वेगळ्याकडे. स्टीमव्हीआर स्वतः मुक्त स्रोत नाही, तरी ओपनएक्सआरला दार उघडे ठेवते. आमच्यासारख्यांना तेवढे पुरते.

ओपनएक्सआर हे ख्रोनोस या उद्योगसंघाचे मानक, १.० जुलै २०१९ मध्ये आले. आधी प्रत्येक हेडसेटसाठी वेगळा कोड लिहावा लागे. आता खेळ ‘पकड’, ‘आघात’ अशा क्रिया मागतो, आणि कुठले बटण म्हणजे पकड हे रनटाइम ठरवतो. प्लेस्टेशन ५ वर मात्र हे मानक नाही, तिथे सोनीचीच एसडीके (खेळ बनवायची साधने).

२० जून

पालख्या आज शहरात. पेठेतले रस्ते बंद, काम नाही.

२२ जून

खरा दांडू आणि विटी सुतारकाकांकडून करून घेतले. दांडू ६० से.मी. विटी १२ से.मी., मध्यभागी २.८ से.मी. जाड, दोन्ही टोके निमुळती. वजन ३५ ग्रॅमच्या आसपास. हीच मापे मॉडेलला.

पहिली चाचणी: टोला मारला की दांडू विटीतून आरपार. दहातले सात-आठ टोले फुकट.

कारण साध्या गणितात आहे. मनगट ४ मीटर प्रतिसेकंद वेगाने जाते, वर हात सेकंदाला १२ रेडियनने फिरतो, पकडीपासून टोक ५५ से.मी. दूर. टोकाचा वेग ४ + १२ × ०.५५ = १०.६ मीटर प्रतिसेकंद. गोडोचे भौतिकी घड्याळ मुळात सेकंदाला ६० ठोक्यांचे, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये टोक पावणेअठरा से.मी. पुढे जाते. विटी पावणेतीन. आधीच्या ठोक्याला दांडू अलीकडे, नंतरच्या ठोक्याला पलीकडे, मधे कोणी पाहिलेच नाही. घड्याळ ९० वर नेले तरी अंतर पावणेबारा से.मी. उरते. विटीच्या रिजिड बॉडीवर (भौतिकीच्या नियमांनी हलणाऱ्या वस्तूवर) सलग टक्कर-तपासणीचा पर्याय चालू केला, पण तो विटीच्या स्वतःच्या वेगापुरता. इथे विटी जवळजवळ स्थिर आणि दांडू वेगात, तोही भौतिकीने ढकललेला नाही, हाताच्या मागावर थेट नेऊन ठेवलेला.

२३ जून

उपाय: दांडूवर पाच बिंदू ठरवले, पकडीपासून १५, २५, ३५, ४५ आणि ५५ से.मी.वर. प्रत्येक ठोक्याला बिंदूची मागची जागा आणि आत्ताची जागा यांना जोडणारी रेषा काढायची आणि ती विटीच्या कॅप्सूलला (टकरीसाठीच्या अदृश्य आकाराला) छेदते का ते बघायचे. छेदली तर ज्या बिंदूवर छेदली त्याचा वेग विटीला द्यायचा: हाताचा रेषीय वेग अधिक कोनीय वेग गुणिले बिंदूचे अंतर, सदिश गुणाकाराने. दोन्ही वेग गोडोच्या एक्सआर-पोजमध्ये (हाताच्या जागेच्या नोंदीत) तयार मिळतात. रनटाइमने वेग शून्य पाठवला तर जागांच्या फरकावरून काढायचा. अशा वेळी मागच्या तीन ठोक्यांची सरासरी घ्यावी, नाहीतर मागातली एक उडी म्हणजे विटी थेट हडपसरला.

घड्याळ हेडसेटच्या रिफ्रेश रेटला (सेकंदाला किती चित्रे) बांधले. इंटरफेसला रेट विचारायचा, उत्तर शून्य आले तर ९० धरायचे. हे न केल्यास सगळे चालते, पण फेकलेली विटी हवेत अडखळत गेल्यासारखी दिसते आणि लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देतात.

आता टोला लागतो. कॅप्सूल खऱ्या विटीपेक्षा दीडपट जाड ठेवली आहे. खरी जाडी ठेवली तर नवा माणूस दहा मिनिटांत कंटाळतो.

२४ जून

विटी फार लांब जाते. २० मीटर प्रतिसेकंद, ४५ अंश, हवा नसती तर ४१ मीटर. खऱ्या मैदानावर असा टोला क्वचितच दिसतो. गोडोतला लिनिअर डँप वेगाच्या पटीत रोध लावतो, हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत असतो. हिशेब केला: गरगरणाऱ्या विटीचे सरासरी क्षेत्रफळ २५ चौ. से.मी., रोधगुणक १ धरला, तर २० च्या वेगाला रोध ०.६ न्यूटन. विटीचे वजन ०.३४ न्यूटन. म्हणजे हवा विटीला तिच्या वजनाच्या जवळजवळ दुपटीने मागे ओढते! लिनिअर डँप शून्य केला आणि दर ठोक्याला वर्गाचा रोध हाताने लावला. टोला आता १८ मीटरच्या आसपास पडतो. सुरुवातीला सुटल्यासारखी जाणारी आणि मग हवेतच दम जाऊन पडणारी विटी आता विटीसारखी दिसते.

५ जुलै

क्वेस्ट ३. हेडसेटवर डेव्हलपर मोड लागतो, त्यासाठी मेटाच्या साइटवर डेव्हलपर म्हणून नोंद आणि खात्याची पडताळणी. त्यानंतर स्वतःचे ॲप स्वतःच्या हेडसेटवर टाकायला कोणाला विचारावे लागत नाही. दुकानात ठेवायचे तर त्यांची तपासणी आहेच. अर्धे दार उघडे म्हणा.

गोडोकडून: व्हेंडर्स प्लगइन टाकायचे, अँड्रॉइड बिल्ड टेम्प्लेट बसवायचा, एक्सपोर्टमध्ये ग्रॅडल बिल्ड चालू, एक्सआर मोड ओपनएक्सआर, मेटाचा पर्याय टिक, फक्त ६४ बिट आर्म, टेक्सचरसाठी ईटीसी२-एएसटीसी इम्पोर्ट. रेंडरर कम्पॅटिबिलिटी. मेटाचा टिक राहिला तर खेळ सुरू होतो पण समोर सपाट खिडकीत, टीव्हीसारखा. त्रुटी-संदेश काही येत नाही.

एडीबीने (पीसीवरून ॲप चढवायच्या साधनाने) टाकताना ‘अपडेट इनकम्पॅटिबल’ आले. आधीचा बिल्ड दुसऱ्या लॅपटॉपवरून झालेला. प्रत्येक यंत्रावर गोडोची डीबग सही वेगळी, म्हणून अँड्रॉइडला ते दुसऱ्याच कोणाचे ॲप वाटते. जुने काढून नवे टाकले. सहीची कीस्टोअर फाइल दोन्ही यंत्रांवर एकच ठेवली, आता तो त्रास नाही.

९० हर्ट्झला प्रत्येक चित्राला ११.१ मिलिसेकंद. वडाचे झाड पानापानासकट पीसीवर सुंदर दिसत होते, क्वेस्टवर तेच झाड खेळ खाऊन टाकत होते, कारण एकावर एक आलेली पारदर्शक पाने मोबाइल चिपला जड जातात. पाने अल्फा ब्लेंडवरून (अर्धपारदर्शक) अल्फा सिझरवर (पूर्ण दिसते किंवा अजिबात नाही) नेली, सावल्या आधीच भाजून (हिशेब करून चित्रात बसवून) घेतल्या, एमएसएए (कडा गुळगुळीत करणे) ४ पट ठेवला. झाड थोडे ठोकळ झाले. विटीकडे बघायचे असते, झाडाकडे नाही.

६ जुलै

दांडूचा कोन. एकच ग्रिप पोज (मुठीची जागा आणि कोन) मागितली तरी क्वेस्टच्या टच आणि पीएसव्हीआर२ च्या सेन्स कंट्रोलरच्या मुठीत फरक आहे, त्यामुळे एकावर सरळ दिसणारा दांडू दुसऱ्यावर आकाशाकडे तोंड करतो. ओपनएक्सआर पकडीची व्याख्या देते, पण माणसाचे मनगट कंट्रोलरच्या आकारानुसार वळते, ते मानकाला कसे कळणार? खेळातच ‘दांडूचा कोन’ अशी पट्टी दिली, उणे २० ते अधिक २० अंश, पाचच्या पायऱ्यांत.

१३ जुलै

पाऊस, खोलीत दमट. हेडसेट घातल्या घातल्या भिंगे धुकट. चेहऱ्याची गरम ओली हवा थंड भिंगावर बसते. तीन-चार मिनिटे हेडसेट चालू करून कपाळावर ठेवायचा, भिंगे कोमट झाली की खाली घ्यायचा. पुसायला कोरडे मायक्रोफायबरच, अल्कोहोलचे वाइप भिंगाला लावू नयेत. रात्री झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह. कॅमेऱ्याच्या भिंगांना पुण्याच्या पावसाळ्यात बुरशी धरते, तोच नियम इथे. आणि ऊन पडले की उघडी भिंगे खिडकीकडे तोंड करून ठेवू नयेत, भिंग ऊन एकवटते आणि आतला पॅनल जळतो.

२६ जुलै

शेजारच्या आजोबांना दाखवले. हेडसेट चढवून खाली बघताच म्हणाले, “अरे, ही विटी उभी कुणी ठेवली? गलीवर आडवी ठेव. दांडू खालून घाल आणि कोल.”

बरोबर. आधी कोलायचे, टोला नंतर. आमच्या मांडणीत कोलणे गाळलेच होते. आता गल (जमिनीतला खळगा) ८ से.मी. खोल, विटी तिच्यावर आडवी, दांडूचे टोक खाली घालून पुढे-वर झटका. खालून येणारा स्पर्श सुरुवातीपासूनच टेकलेला असतो, तिथे छेद घडतच नाही, म्हणून रेषेची युक्ती चालत नाही. कोलण्यासाठी वेगळा नियम लिहिला: टोक विटीखाली, आणि वरच्या दिशेचा वेग १.५ मीटर प्रतिसेकंदाच्या पुढे गेला, की विटी सुटते.

लगेच दुसरी अडचण. गलीत टोक घालायला माणूस वाकतो आणि कंट्रोलर खोलीच्या फरशीवर आपटतो. फरशीची उंची ४ से.मी. चुकीची मोजली गेली असेल तर हमखास. आज सेन्सच्या कड्यावर ओरखडा पडला. मैदानच २५ से.मी. उंच केले, खेळाडू उभा राहतो तो भाग खाली, गल ओट्यावर. आजोबांना ते पटले नाही, बोटांना पटले.

वरच्या बाजूचे भय वेगळे. हेडसेटची हद्द चार बाजूंची असते, छताची नसते. पंखा तिला दिसत नाही. पात्यांची उंची मोजली, २.४ मीटर. पावणेसहा फुटी माणसाचा उंचावलेला हात कंट्रोलरसह तिथवर सहज जातो. खेळताना पंखा बंद. टेबलफॅन कोपऱ्यात ठेवला तर आणखी एक फायदा: वारा एकाच बाजूने येतो, तोंड कुठे आहे ते डोळे झाकलेले असतानाही कळते.

२ ऑगस्ट

लिनक्स. मोनाडो हा ओपनएक्सआरचा मुक्त स्रोत रनटाइम. हेडसेट नसतानाही त्याचा बनावट हेडसेट सुरू करून खेळ उघडता येतो, रोजच्या चाचणीला उत्तम. क्वेस्टवर चित्र पाठवायला मोनाडोवरच उभा असलेला वायव्हीआरएन. सर्व्हर आणि हेडसेटमधले ॲप एकाच आवृत्तीचे हवे. फायरवॉलमध्ये पोर्ट ९७५७ टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, हेडसेटला पीसी सापडावा म्हणून अवाही ही सेवा चालू. पीसी राउटरला लॅनच्या केबलनेच, हवेतून फक्त एक टप्पा.

रनटाइम खुला असण्याचा उपयोग काय, याचे उदाहरण विंडोज मिक्स्ड रिॲलिटी. मायक्रोसॉफ्टने ते डिसेंबर २०२३ मध्ये मोडीत काढले आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून काढून टाकले. त्यावर अवलंबून असलेले धडधाकट हेडसेट त्या विंडोजवर निरुपयोगी झाले. मोनाडोत त्यांचा ड्रायव्हर आहे, लिनक्सवर ते अजून दृश्य दाखवतात.

९ ऑगस्ट

पीएसव्हीआर२ टूलकिट हा मुक्त स्रोत प्रकल्प सोनीच्या पीसी ड्रायव्हरवर आपला थर चढवतो आणि नजरेचा माग, ट्रिगरचा ताण पीसीवर आणतो. १४ जूनची नोंद पाहा: कॅमेरे होतेच. आमच्या बिल्डमध्ये हे धरलेले नाही. सोनीच्या पुढच्या अपडेटला थर निखळू शकतो, आणि खेळणाऱ्याला ‘आधी हे टाका’ सांगणे बरे नाही. खासगी चाचणीपुरते ठीक.

१० ऑगस्ट

प्लेस्टेशन ५. दुकानातून आणलेल्या कन्सोलवर स्वतःचा कोड चालत नाही, क्वेस्टसारखा डेव्हलपर मोडही नाही. रस्ता एकच: सोनीकडे भागीदार म्हणून नोंद, गोपनीयतेचा करार, मग एसडीके आणि डेव्हकिट (खेळ बनवणाऱ्यांसाठीचा खास कन्सोल). गोडो एमआयटी या मुक्त परवान्याचे, सगळा कोड चव्हाट्यावर. कराराखालचा एसडीकेचा कोड त्यात मिसळता येत नाही, म्हणून अधिकृत गोडोत कन्सोलचे एक्सपोर्ट नाही. ते तिसऱ्या पक्षाकडून घ्यावे लागते. एक्सबॉक्समध्ये दुकानातल्याच डब्यावर डेव्ह मोड मिळतो, पण त्याला व्हीआर हेडसेटच नाही. दात आहेत तर चणे नाहीत.

बंद असण्याचा फायदाही लिहून ठेवावा. प्लेस्टेशनवर ७ आणि ८ जूनच्या दोन्ही नोंदी लिहाव्याच लागल्या नसत्या. एक यूएसबी-सी केबल समोरच्या पोर्टात, पाच मिनिटांत खेळ सुरू. सगळ्यांचे यंत्र जवळजवळ सारखे, त्यामुळे ९० हर्ट्झ एका घरात मिळाले की सगळ्या घरांत. पीसीवर ती हमी देता येत नाही, आणि आजोबांसारख्या खेळाडूला ब्लूटूथ डोंगल कुठे चिकटवायचा हे सांगण्यात अर्थ नाही.

१७ ऑगस्ट

मोजणी बसवली. टोल्याचे अंतर दांडूने मोजायचे, वकट, लेंड, मूंड, नाल असे सातापर्यंत, मग पुन्हा वकट. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु ही तेलुगूची रांग त्यात सरळ ऐकू येते. कोडमध्ये: अंतर भागिले ०.६, पूर्णांक, सातने भागून बाकी. आजोबांचा आजचा टोला १८.२ मीटर, ३० दांडू, बाकी दोन. लेंड.

‘टक्क’ आवाज सुतारकाकांच्याच विटीचा, फोनवर टिपलेला. कंपन ०.०४ सेकंद, टोकाकडे लागला तर हलके, मध्यावर जोरात. आवाज लावल्यापासून कंपन कमी आहे अशी तक्रार कोणी केलेली नाही.

शिल्लक: झेल घेणारा दुसरा खेळाडू. डावखुऱ्यांसाठी मांडणी उलटी. प्लेस्टेशनसाठी आधी कंपनीची नोंदणी, तोवर तो रकाना रिकामा.